भिशीचे पैसे आणि डोंगरावरची सायकल

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. नाश्त्याची भांडी अजून ओट्यावरच होती, तेवढ्यात फोन वाजला.

"काका, घाबरू नका. तो पडलाय, पण शुद्धीत आहे. बोलतोय. आम्ही त्याला घेऊन खाली येतोय."

हा लेख आम्ही नवरा-बायको दोघे मिळून लिहीत आहोत, कारण त्या फोननंतर घरात जे झाले ते दोघांचे आहे. भांडलोही दोघे आणि शिकलोही दोघे.

आमचा धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा. बारावीला गुण चांगले होते, पण पुढच्या प्रवेश परीक्षेत दोनदा अपयश आले. दुसऱ्या निकालानंतर तो खोलीतून बाहेर पडेनासा झाला. रात्रभर मोबाइल, दिवसभर झोप. दस्तरखान अंथरला की "नंतर जेवतो" एवढेच उत्तर. फजरला उठवायला गेले की पाठ फिरवून झोपायचा. ज्या घरात जवान मुलगा असा गप्प होतो त्या घरातल्या लोकांना हे समजेल. रागावून उपयोग नसतो आणि न रागावता राहवत नाही.

अशात आमच्या कोंढव्यातल्या सायकल चालवणाऱ्या एका ग्रुपने त्याला ओढून नेले. दहा-बाराजण. त्यात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर, बँकेत काम करणाऱ्या एक ताई, गॅरेजमधला एक पोरगा, दोन कॉलेजच्या मुली. रविवारी पहाटे निघायचे, बोपदेव घाट चढायचा आणि वरून डांबरी रस्ता सोडून भिवरी-चांबळीच्या बाजूच्या माळावरच्या पायवाटांनी फिरायचे. सर आदल्या रात्री मुलाला निरोप पाठवत, "तुझी नमाज झाली की निघू." त्या एका वाक्याने आमचा मुलगा फजरला आपण होऊन उठू लागला, हे आम्ही मान्य करायला हवे.

सायकल आम्हीच घेऊन दिली होती. बारा हजारांची. जाड टायर, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, अंगावर डोंगराचे चित्र. दिसायला एकदम रुबाबदार. त्या दिवशी माळावरच्या उतारावर मुरूम निसटला, मुलाने ब्रेक दाबला, ब्रेकची मूठ थेट हँडलला टेकली आणि सायकल थांबलीच नाही. हेल्मेट फुटले, डोके वाचले. अल्लाहचे लाख शुक्र. खांद्याजवळचे हंसळीचे हाड मात्र मोडले. सहा आठवडे हात झोळीत.

त्या रात्री आम्ही भांडलो. आई म्हणाली, "ती सायकल भंगारात द्या. माझ्या घरात पुन्हा डोंगराचं नाव नको." बाप म्हणाला, "आणि मग तो काय करेल?" त्याचे उत्तर दोघांकडेही नव्हते.

उत्तर चौथ्या आठवड्यात दिसू लागले. खोलीचे दार पुन्हा बंद झाले. पुन्हा मोबाइल, पुन्हा "नंतर जेवतो". तेव्हा कळले की आम्ही एका भीतीतून सुटण्यासाठी दुसरी भीती घरात आणतो आहोत.

एका संध्याकाळी ग्रुपची मंडळी फळे घेऊन आली. असरची वेळ होती. बाप आणि मुलगा नमाज पढून येईपर्यंत ते शांत बसले. चहा झाल्यावर आईने सरांना सरळ विचारले, "मला खरं सांगा. चूक कुणाची?"

सर म्हणाले, "वहिनी, मुलाची नाही आणि डोंगराचीही नाही. चूक आमची, की आम्ही त्या सायकलवर त्याला त्या उतारावर नेलं. ती सायकल गल्लीत फिरवायची आहे. तिला डोंगराचे कपडे घातलेत, एवढंच."

नंतर आम्ही त्या सायकलसोबत आलेले माहितीपत्रक काढले. बारीक अक्षरात लिहिलेच होते की खडबडीत वाटेसाठी नाही. आम्ही ते वाचले नव्हते. रंग पाहून आणि किंमत ऐकून घेतली होती.

घरात आमचे अब्बा आहेत, वय ब्याऐंशी. ते तरुणपणी लष्करातल्या एका बेकरीतून पाव घेऊन पहाटे सायकलवर पुण्यात फिरत. मागे मोठी पेटी, पुढे हँडलला पिशव्या. सारे बोलणे ऐकून ते म्हणाले, "हमालाची दोरी आणि सायकलचा ब्रेक, यात पैसा वाचवायचा नसतो. पोराला सायकल द्यायची तर थांबणारी द्या, नाहीतर देऊ नका." अब्बांनी एवढे बोलून प्रश्नच बदलला. सायकल द्यायची की नाही, हा प्रश्न मागे पडला. कोणती सायकल आणि कुठल्या पैशांची, हा पुढे आला.

सरांनी अब्बांना या सायकलीचा जन्म सांगितला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीमध्ये, काही तरुण पोरे जुन्या बाजारातून जाड टायरच्या जड सायकली आणून माउंट टॅमल्पायस नावाच्या डोंगरावरून खाली सोडत. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. उतरताना तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर नव्याने भरावे लागे. म्हणून १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले, म्हणजे पुन्हा भरणे. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ या तरुणाने खास डोंगरासाठी नवी फ्रेम बनवली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोहोचला. अब्बा हसून म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखीच सायकल. अमेरिकेत जाऊन साहेब झाली."

त्यानंतरचा महिना आम्ही शिकण्यात घालवला. मुलाला मागेपुढे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली, खऱ्या डोंगरी बनावटीची सायकल हवी होती. ग्रुपमध्ये एकाकडे ती आहे, किंमत दोन लाखांच्या पुढे. सरांनी त्याला समजावले की सुरुवातीला हार्डटेल बरी. हार्डटेल म्हणजे पुढच्या चिमट्यात सस्पेन्शन आणि मागची चौकट सरळ, घट्ट. तिचा भाव कमी, वजन कमी, बिघडणारे सांधे कमी. चढावर पायांचा जोर स्प्रिंगमध्ये वाया न जाता चाकापर्यंत जातो. आणि मागे धक्का झेलणारे काही नसल्यामुळे चालवणारा दगड बघून वाट निवडायला शिकतो. कमी पैशांत दोन स्प्रिंगा देणारी सायकल मात्र फसवी. पैसे दिखाव्यात जातात आणि ब्रेकमध्ये वाचवले जातात. आमच्या बारा हजारांचे तेच झाले होते.

आम्ही जे शिकलो ते इथे लिहितो, म्हणजे कुणा आई-बापाच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, माप. सायकल उंचीप्रमाणे घ्यायची. मुलगा १७३ सेंटीमीटर, त्याला मीडियम बसते. एका दुकानात लार्ज शिल्लक होती म्हणून तीच गळ्यात मारत होते, "वाढत्या अंगाला बरी" म्हणत. वाढत्या अंगाला सदरा घेतात, सायकल नाही. दांड्यावर दोन्ही पाय टाकून उभे राहिले की दांडा आणि शरीर यांत मोकळी जागा राहिली पाहिजे आणि हात ताणावे न लागता हँडल धरता आले पाहिजे.

दुसरी, ब्रेक. डिस्क ब्रेक दोन प्रकारचे. एकात तार असते, दुसऱ्यात तेल. तेलाच्या, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेकला एका बोटाचा जोर पुरतो. लांब उतारावर हात थकत नाहीत आणि उरलेली बोटे हँडल घट्ट धरून राहतात. पॅड झिजले तरी हे ब्रेक बहुधा आपोआप जुळवून घेतात. तारेचा ब्रेक वेळोवेळी कसावा लागतो. आम्ही तो कधीच कसला नव्हता.

तिसरी, पुढचा चिमटा. तो किती दबतो ते मिलिमीटरमध्ये सांगतात. शर्यतीच्या हलक्या सायकलींना १०० पुरते. दगडधोंड्यांच्या वाटेवर १२० ते १४० बरे. आत स्प्रिंग असेल तर ती सगळ्यांना सारखीच. हवेचा असेल तर खास पंपाने स्वाराच्या वजनाप्रमाणे हवा भरता येते. आपला मुलगा बारीक असो की भारी, चिमटा त्याच्याप्रमाणे चालतो. त्याचबरोबर पुढच्या चिमट्याचा तिरपेपणा पाहायचा. तो जितका पुढे झुकलेला, तितकी सायकल उतारावर शांत राहते. ट्रेलच्या सायकलींत हा कोन साधारण ६५ ते ६७ अंश असतो, शर्यतीच्या जुन्या पद्धतीच्या सायकलींत ७० च्या आसपास. आकडा लहान तितका झुकाव जास्त.

चौथी, चाके आणि टायर. २९ इंचाचे चाक खड्ड्या-दगडावरून सहज जाते. टायर सव्वादोन इंच किंवा थोडा जास्त रुंद असावा. आपल्या माळावर बाभळीचे काटे. ट्यूब काढून टायरमध्ये चिकट द्रव भरण्याची सोय असेल तर बारीक छिद्र चालता चालताच बुजते.

पाचवी, गिअर. पुढे तीन चकत्या आणि मागे सात, म्हणजे एकवीस गिअर, असे ऐकून आम्ही खूश झालो होतो. आता पुढे एकच चकती आणि मागे दहा, अकरा किंवा बारा चकत्यांची कॅसेट चालते. मागची मोठी चकती ४६ दातांची असली की चढ सोपा होतो. डाव्या हाताचा गोंधळ संपतो आणि साखळी पडण्याचे प्रमाण कमी होते.

सहावी गोष्ट ग्रुपमधल्या ताईंनी सांगितली आणि ती आम्हाला सगळ्यात आवडली. ग्रुपमध्ये फिरायचे तर सायकल एकट्याची नसते. ग्रुपमध्ये बहुतेकांची चाके २९ ची असतील तर एकाची ट्यूब दुसऱ्याला चालते, एकाचा पंप सर्वांना पुरतो. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो, ती पट्टी मात्र प्रत्येक मॉडेलची वेगळी. पडल्यावर आधी तीच वाकते, कारण फ्रेम वाचावी म्हणूनच ती मऊ बनवलेली असते. ती एक जादा आपल्या पिशवीत ठेवायचीच. आणि ग्रुपचा वेग म्हणजे सर्वात मागे असलेल्याचा वेग. पाच जण पुढे गेले आणि एक मागे एकटा पडला, तर त्याला ग्रुप म्हणत नाहीत.

आता पैसा. हे सगळे असलेली नवी सायकल आम्ही पाहिली, तेव्हा सत्तर हजारांच्या पुढे होती. दुकानदार म्हणाला, "नो कॉस्ट ईएमआय आहे. व्याज शून्य." मुलाचे डोळे चमकले. खरे सांगायचे तर आमचेही.

कागद घरी आणून वाचले. बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो, म्हणून हिशेब शून्य दिसतो. बँकेच्या पत्रकात व्याजाचा रकाना असतो आणि त्या व्याजावर जीएसटीही. रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते कुठेतरी लपवलेले असते. आम्ही मशिदीतल्या मौलानांना कागद दाखवला. ते म्हणाले, "करारात सूद लिहिलेला आहे. तो कोण भरतो हा पुढचा प्रश्न. संशयाच्या जागेपासून दूर राहता येत असेल तर दूर राहा." इतरांनी आपापल्या आलिमांना विचारावे. आम्ही मात्र ठरवले की या वाटेने जायचे नाही. ज्या मुलाला फजरला उठताना पाहून आम्ही सुखावलो, त्याच्या सायकलीची सुरुवात सुदाच्या कागदाने नको.

मग राहिली भिशी. आईची बारा जणींची भिशी आहे, महिन्याला पाच हजार. फेब्रुवारीत तिचा नंबर होता, साठ हजार येणार होते. ते उमऱ्यासाठी बाजूला ठेवायचे असे तिने दोन वर्षांपासून मनात धरले होते. त्या पैशांवर हात टाका असे बाप कधी म्हणाला नसता. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सगळे नाही देणार. थोडे देईन. आणि फुकट नाही देणार."

तेव्हा अल्लाहने एक वाट काढली. ग्रुपमधला एक संगणक अभियंता नोकरीसाठी परदेशी निघाला होता. त्याची तीन वर्षे वापरलेली हार्डटेल विकायची होती. मीडियम माप, २९ ची चाके, १२० चा हवेचा चिमटा, तेलाचे ब्रेक, मागे दहा गिअर. मागत होता अडतीस हजार.

गॅरेजवाल्या पोराला घेऊन आम्ही ती पाहायला गेलो. त्याने सायकल उलटी केली आणि जिथे नळ्या जोडलेल्या असतात तिथे कापडाने पुसून बारीक चीर शोधली. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, हँडलच्या बेअरिंगमध्ये खडखड आहे का पाहिले. चाके फिरवून आउट आहेत का पाहिले. चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवले, कारण तिथे ओरखडा असेल तर आतले सील खराब होते. साखळीला लोखंडी फूटपट्टी लावली. बारा जोड बरोबर बारा इंच भरायला हवे. एक अष्टमांश इंच जास्त भरले तर साखळीसोबत कॅसेटही खाल्ली गेली असे समजावे. इथे सोळावा हिस्सा जास्त होता, म्हणजे फक्त साखळी बदलायची.

आम्ही विचारण्याआधीच विकणारा म्हणाला, "काका, मागचे ब्रेक पॅड संपत आलेत. आणि खालच्या नळीवर दगड लागून रंग उडालाय, हे बघा. एकदा मी जोरात पडलो होतो, तेव्हा पुढचं चाक बदललंय." सौद्यात मालाचा ऐब लपवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी ती आम्ही एका हिंदू मुलाच्या तोंडून, त्याच्याच नुकसानीची, प्रत्यक्ष पाहिली. घासाघीस करायची आमची हिंमत झाली नाही. साखळी आणि पॅड त्यानेच बदलून दिले.

हिशेब असा झाला. मुलाने इमारतीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवणीचे आणि आपल्या बचतीचे मिळून पंधरा हजार दिले. आईने भिशीतून तेवीस हजार दिले. कर्ज-ए-हसना. देणे-घेणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, म्हणून वहीत लिहिले, अब्बा आणि थोरली मुलगी साक्षीदार. महिन्याला दोन हजार परत, सूद नाही, दंड नाही. उरलेले सदतीस हजार उमऱ्याच्या डब्यात गेले. नवे हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड आणि हातमोजे बापाच्या खिशातून. फुटलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते. आतला थर एकदा दबला की दुसऱ्या वेळी झेलत नाही. ते आम्ही कपाटावर ठेवले आहे, आठवण म्हणून.

डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. मग रमजान आला. त्या महिन्यात मुलगा तरावीहनंतर पार्किंगमध्ये सायकल खोलून बसायचा, गॅरेजवाला पोरगा त्याला शिकवायचा. ईदनंतरच्या रविवारी तो पुन्हा निघाला. आई आदल्या रात्री झोपली नाही. सकाळी म्हणाली, "आपण पण जाऊ."

आम्ही स्कूटरवर घाट चढून वर गेलो, ग्रुपसाठी डब्यात शीरखुर्मा घेऊन. तो उतार लांबून दिसत होता. एकेक जण खाली येत होता. मुलगा वर उभा राहिला. उतरून त्याने सीट खाली केली, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, मग निघाला. दोन्ही पायडल एका पातळीत, अंग मागे, एकेक बोट ब्रेकवर. जिथे मुरूम निसटतो त्या जागी तो हळू झाला. आईने बापाचा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत वळ होते. तिच्या तोंडात दुआ होती आणि डोळे मिटलेले नव्हते.

तो खाली आला, थांबला आणि आमच्याकडे आलाच नाही. मागे वळून वर पाहत उभा राहिला. कॉलेजची एक नवी मुलगी वर अडकली होती. ती हळूहळू खाली येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला आणि मग सगळे मिळून शीरखुर्म्याकडे आले.

आज वहीत सात हप्त्यांच्या नोंदी आहेत. नऊ हजार बाकी आहेत. पावसाळ्यात ग्रुपने माळावर जाणे बंद ठेवले होते, कारण ओल्या वाटेवर चाकांनी चर पडतात आणि पाणी त्यातूनच वाहू लागते. तेवढे दिवस मुलगा इमारतीतल्या पोरांच्या सायकली दुरुस्त करत होता. पहिल्यांदा तो त्यांचे ब्रेक बघतो, मग बाकीचे. परीक्षेला तो तिसऱ्यांदा बसणार आहे. निकाल अल्लाहच्या हाती.

उंट आधी बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. आम्ही पहिल्या वेळी उंट न बांधताच भरवसा ठेवला, आणि पडल्यावर उंटच विकायला निघालो होतो. मुले बाहेर जाणारच. त्यांना अडवायचे की नाही, यावर आपण रात्ररात्र बोलतो. त्यांच्या सायकलचा ब्रेक मात्र एकदा तरी स्वतःच्या हाताने दाबून पाहत नाही. वाचणाऱ्या आई-बापांनी आज एवढे करावे.

उमऱ्याचा डबाही हळूहळू भरतो आहे. मुलाचा शेवटचा हप्ता त्यातच जाईल, इन्शाअल्लाह.